तारेचा माग

मी, मार्तेन लांडुप्राइंग, वय ५१ वर्षे, धंदा गुरांच्या कुंपणाची झटका मशीन विकणे व बसवणे, तसेच पाण्याचे पंप दुरुस्त करणे, रा. वायमारंगू बाजार, पूर्व सुंबा बेट, समक्ष ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

वरील ठिकाणी मी बायको व दोन मुलींसह राहतो. शिक्षण सहावीपर्यंत. पुढचे मशीन उघडून शिकलो. आपल्या ठाण्यापासून समुद्रापर्यंतच्या माळावर झटक्याची जेवढी कुंपणे आहेत, ती सगळी मी उभी केली आहेत. माझ्या कुंपणाने आजवर कोंबडीही मेलेली नाही.

काल प्राइकारेहा गावी दोन माणसे मेली. एक दोमू, शेजारच्या वस्तीवरचा गुराखी. दुसरी राम्बू लिका, तिथले मोठे गुरांचे मालक उंबू रेटांग यांची बायको. राम्बूच्या खुनाबद्दल आपण दोमूचा थोरला भाऊ हिवा याला कोठडीत ठेवले आहे. मी तिथे हजर होतो म्हणून मला बोलावले. मशीनचे आधी सांगतो, नाही तर पुढचे कळायचे नाही.

पावसाळा सरताना उंबू रेटांग माझ्या दुकानी आले. चोरांनी त्यांच्या म्हशी दोनदा नेल्या होत्या. मी रिवाजाप्रमाणे विचारले, जनावर कोणते, माळ केवढा, जमीन कसली. ते म्हणाले, "ते सगळं राहू दे. चोर जागच्या जागी आडवा पडेल असं मशीन काढ."

मी म्हणालो, "उंबू, कुंपण जनावराला शिकवायला असतं. एकदा नाकाला झटका बसला की ते तारेची वाट सोडतं. माणूस मारायचं सामान मी ठेवत नाही."

"मग विकतोस काय? गुदगुल्या?" असे ते म्हणाले. दुकानातले लोक हसले.

म्हशीचे कातडे जाड, म्हणून मी लहान मशीन बाजूला ठेवून मोठे दाखवले. माळावर विजेचा खांब नाही, वीज उंबूंच्या घरापुरतीच आहे, म्हणून बॅटरी व सूर्याचे पॅनेल. तारा तीन सांगितल्या. वरची व खालची झटक्याची, मधली अर्थिंगची. आमचा माळ खडकाचा आहे. तो वाळला की जमिनीतून वीज मशीनकडे परत येत नाही व झटका मुळमुळीत होतो. मधली तार त्यासाठी लागते. उंबू म्हणाले, "जिच्यात वीजच नाही ती तार मी कशाला घेऊ? मला काय वेड लागलंय?"

मी म्हणालो, "तार नको तर जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळ्यांपाशी रोज पाणी ओतावं लागेल. उन्हाळाभर. एकही दिवस चुकून चालणार नाही."

"ओततील घरातल्या बायका," असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

कुंपण मी स्वतः उभे केले. शेवटच्या दिवशी राम्बूने मला पान-सुपारी व उकडलेला मका दिला. सळ्या कुठे आहेत ते मी तिला दाखवले. ओढा खाली खोल दरीत आहे. तिने हंडा खाली ठेवला व म्हणाली, "भाऊ, ही तुमची तार माझी सवतच म्हणायची. माझ्याआधी हिला पाणी." मग तिने विचारले, "घरातल्या विजेलाही असं पाणी पाजावं लागतं का हो?" मी म्हणालो, "नाही वहिनी, तिला नाही लागत." उत्तर बरोबर होते. तिने का विचारले ते मी विचारले नाही.

काल सकाळी उंबूंचा फोन आला. "तुझ्या मशीननं माणूस मारलाय. ये आणि तोंड दाखव." मी मोटारसायकलने गेलो. पोचलो तेव्हा ऊन चढले होते.

दोमू कुंपणावर ओणवा होता. त्याची घोडी पलीकडे गेली होती व तिला आणायला तो तारांमधून वाकून जात असावा. तार त्याच्या काखेत होती. काख कशी झाली होती ते सांगत नाही, आपण पाहिलेच आहे. माझे मशीन लोकांनी आधीच दगडांनी फोडले होते. मला पाहताच कोणीतरी काठीने खांद्यावर दोन फटके मारले. तिसरा डोक्यावर आला असता, तो हिवाने अडवला. त्याला भावाला खाली घ्यायचे होते व त्याचा हात तारेकडे चालला होता. मी ओरडलो, "हात लावू नकोस! अजून चालू आहे."

"मशीन तर फुटलंय," हिवा म्हणाला.

मी तारेला टेस्टर लावला. मशीनचा झटका टक टक येतो, त्यामुळे टेस्टरचा दिवा लुकलुकतो. हा दिवा सलग पेटून राहिला, म्हणजे दोमू घरातल्या विजेने मेला होता. मी सगळ्यांना तो वाकून बघायला लावला. मग गवतात पाहिले. कोपऱ्यातल्या खांबाशी माझी जोडणी सोडून ठेवलेली होती व तिच्या जागी घरात वापरतात तसली पांढरी केबल पिळलेली होती. ती मी वाळक्या बांबूने उडवली. मग दोमूला खाली घेतले. हिवाने प्रेताला हात लावण्याआधी कमरेच्या कोयत्याची मूठ दोरीने म्यानाला बांधली. आमच्यात तशी रीत आहे. प्रेताजवळ उघडे लोखंड चालत नाही.

हे वाचणारे वरचे साहेब बाहेरचे असतात, म्हणून एक गोष्ट लिहून घ्यावी. आमच्याकडे जनावर चोरीला गेले की मालक माग काढत जातो. माग ज्या गावात शिरतो, त्या गावाने तो दुसऱ्या अंगाने बाहेर निघालेला दाखवायचा असतो. दाखवता आला नाही तर भरपाई त्या गावाची.

हिवा मला म्हणाला, "मिस्त्री, तारेचा माग निघतो का?"

मी म्हणालो, "निघतो."

उंबू म्हणाले, "कशाला? विजेचं काम आहे, वीज कुठूनही येते."

मला ते वाक्य सहन झाले नाही. वीज कुठूनही येत नाही. मी केबल हातात धरून चालू लागलो. सगळा जमाव मागे. केबल मक्याच्या ताटांतून गेली होती, डुकरांच्या गोठ्याच्या कुडाला बांधली होती, तिथून घराच्या मागच्या भिंतीला. मी प्रत्येक ठिकाणी थांबून "इथून पुढे" असे मोठ्याने सांगत होतो. मला थांबायला कोणी सांगितले नाही. केबल स्वयंपाकघरात शिरली. जमाव अंगणात राहिला, आत मी, उंबू व हिवा गेलो. पाण्याच्या हंड्यांमागे ती प्लगाशी संपली. हंडे कोरडे होते.

राम्बू चुलीपाशी होती. उंबू म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही."

राम्बू म्हणाली, "मीच लावली. दिवसभर तोंडाला फेस येईपर्यंत दरी चढायची, आणि हे म्हणायचे झटका लागत नाही, तू पाणी चोरतेस. या भाऊंना विचारा, घरातल्या विजेला पाणी लागत नाही म्हणाले होते."

तिघेही माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "होय, म्हणालो होतो."

हिवा उंबऱ्यात बसला. त्याने कमरेची पानाची पिशवी सोडून पुढे ठेवली व म्हणाला, "राम्बूवहिनी, बाहेर या. भीती नाही. बसून बोलू. माझा भाऊ काही यानं उठायचा नाही, पण बोलायला तर हवंच." पिशवी पुढे ठेवणारा भांडायला आलेला नसतो. हे आपणांस सांगायला नको.

राम्बू बाहेर यायला वाकली, कारण दार ठेंगणे आहे. तेव्हा उंबू रेटांग यांनी मागून कोयता मारला. पहिला मानेवर. ती पडल्यावर दुसरा, पुन्हा मानेवर. दुसऱ्याची गरज नव्हती. ते म्हणाले, "एकाला एक. माझ्या घराकडे आता कुणाचं देणं नाही." मग कोयता हिवाच्या मांडीवर टाकून बाहेर धावले व ओरडू लागले, "मारली! माझ्या बायकोला हिवानं मारली!" उंबूंच्या माणसांनी हिवाला ओढून अंगणात नेले व उखळाच्या मुसळाने तोंडावर मारले. त्याचे दात तिथे पडले. मी सोडवायला गेलो नाही. मी राम्बूपाशी होतो. तिच्या मानेला माझा सदरा दाबून धरला होता. त्याचा उपयोग झाला नाही.

हिवाचा स्वतःचा कोयता आपल्या ताब्यात आहे. त्याची गाठ मी पाहिली तेव्हा जशी होती तशीच आपल्या टेबलावर आहे. रक्ताच्या कोयत्याच्या मुठीवर म्हशीच्या शिंगाचे काम आहे व तसले काम गुराख्याकडे नसते.

उंबूंच्या घरून काल दोन माणसे माझ्याकडे आली होती. ती म्हणाली, "तुला दोन मुली आहेत." मी म्हणालो, "आहेत."

हा जबाब मला आधी इंडोनेशियन भाषेत व मग आमच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवला. एका जागी हवालदारांनी "मशीनच्या विजेने" असे लिहिले होते, ते खोडून "घरातल्या विजेने" असे करून घेतले. उंबूंचे नाव आले तिथे ते वाचता वाचता थांबले व म्हणाले, "हे असंच ठेवायचं का, मार्तेन? विचार कर. हवं तर इथे फक्त 'कोणीतरी' लिहितो." मी विचार केला. नाव पूर्ण लिहायला सांगितले, उंबू रेटांग असे, व त्याखाली सही केली.