जांभळीच्या वळणावरचे पांढरे दिवे

ऐका. सरका जरा जवळ, आणि बाहेरची कडी लावा कुणीतरी. गोष्ट लांबची नाही, आपल्याच घाटातली आहे.

अंकुश नावाचा पोरगा होता. वडापची, म्हणजे सीटवर माणसं नेणारी जीप चालवायचा. जीप खरी थोरल्या भावाची, हणमंतची. हणमंत गेला आणि जीप याच्या हाती आली. कसा गेला? जांभळीच्या वळणावर. मोटारसायकलवरून घरी येत होता. समोरून एक गाडी आली, पांढऱ्याफेक दिव्यांची. हणमंतला काही दिसेना. रस्ता वळला, हा सरळ गेला. खाली दरी! गाडीवाला थांबलासुद्धा नाही.

तेरावा झाला तरी अंकुशला रडू येईना. नुसता राग. डोक्यात एकच. माझ्या दादाला आंधळं करून मारलं ना? आता मी असे दिवे लावतो, की समोरच्यानंच डोळे मिटावे.

फाट्यावर इलाही मुलाणी वायरमन होता. गाड्यांचे दिवे, हॉर्न, सगळी तारांची कामं त्याची. अंकुश त्याच्याकडे गेला.

"चाचा, मोठे दिवे बसवा. आत्ताच्या आत्ता."

इलाही म्हणाला, "बल्ब काय, तूही बसवशील. पण जाड वायर ओढायला लागते. बटणावर भार येऊ नये म्हणून रिले टाकायला लागतो. मग गाडी भिंतीसमोर उभी करून उजेड खाली घ्यायचा. उद्या सकाळी आण."

"उद्या? थांबायला मी काय म्हातारा आहे?"

"थांबला नाहीस, तर म्हातारा होणारही नाहीस," इलाही हसला.

पोरगा तिथून उठला तो थेट बाजारात. बल्ब घेतले आणि घरी आला. जुनी वायर तोडली. डीपर नको, वरचा-खालचा सगळाच उजेड एकदम हवा, म्हणून दोन्ही तारा एकत्र पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. स्टिअरिंगखाली एक बटण लटकवलं. दिव्याचे स्क्रू फिरवले, तेही उलटे. अंधार पडल्यावर बटण दाबलं. अरे बापरे! रस्ता राहिला काळोखात आणि उजेड गेला आंब्याच्या शेंड्यावर. झोपलेले कावळे फडफडून उठले.

आई दारात आली. "अंकुश, झाडांवर कसला उजेड मारतोस? रात्रीचं तिथं कोण बसलेलं असतं, कुणाला ठाऊक!"

"शेवटच्या एसटीची माणसं आणायला चाललोय, आई."

"मग कालव्याच्या रस्त्यानं जा. घाटातून नको."

हो म्हणाला. आणि लागला घाटाला! त्याला दिवे दाखवायचे होते ना. कुणाला? ते त्याचं त्यालाच माहीत.

तर घाट सुरू झाला. रस्त्यावर उजेड नाही, झाडांवर मात्र दिवस उगवलेला. पहिल्या वळणावर उंबर आहे बघा. त्याच्या शेंड्यावर कुणीतरी बसलेलं, पाय खाली सोडून. अंकुश म्हणाला, वानर असेल. पुढच्या झाडावर बघतो, तर तसंच कुणीतरी, एक फांदी खाली. त्याच्या पुढच्या झाडावर, आणखी खाली. आता वानर धोतर नेसतं का? सांगा मला!

त्यानं गाडी पळवली. आणि एकदम मागची बाजू दबली. माणूस पायरीवर चढला की दबते ना, तशी. मग टपाच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. धप्, धप्. अंकुशनं मागं बघितलं नाही. मान वळेचना त्याची.

"अंकुश."

आवाज कुणाचा? हणमंतचा. तोच, थोडा बसलेला, तंबाखू खाल्लेला आवाज. तीन आठवडे ज्या आवाजासाठी जीव तुटत होता, तो मागच्या सीटवर!

"दादा?"

"चल, चल. थांबू नको. समोरून येतोय ना, तोच तो. त्यानंच मारलं मला."

आणि खरंच, जांभळीच्या वळणावर एक दिवा दिसला. एकच. पिवळा, मिणमिणता.

"सोडू नको त्याला. मार उजेड डोळ्यांत. गाडी दाब."

अंकुशचा पाय खाली गेला. जीप सुसाट सुटली. पांढरा उजेड वर, चढावरच्या त्या पिवळ्या दिव्यावर पडला. दिवा डगमगला. डावीकडे, उजवीकडे, मग सरळ कड्याकडे निघाला.

"असाच! असाच!" मागचा हसला.

आणि ते हसणं ऐकून पोरगा भानावर आला. हणमंत असा नव्हता हो! साधी सायकल समोर आली तरी डीपर द्यायचा तो. बैलगाडी आली तर गाडी बाजूला घ्यायचा. अंकुशनं ब्रेकवर पाय रोवला आणि डीपरची दांडी ओढली. काही नाही. डीपर ठेवलाच नव्हता त्यानं! बटणाकडे हात गेला. बटण तापून वितळलेलं, हलेना. समोरचा दिवा कड्याच्या दगडांपाशी पोचला. मागून गार हात खांद्यावर आला.

"राहू दे," आवाज म्हणाला. "राहू दे, भावा."

अंकुशनं खाली हात घातला, लाल झालेली वायर मुठीत धरली आणि उपटली. कातडी जळाली. पण वायर निघाली! एका हिसक्यात, चिकटपट्टीसकट.

अंधार. गुडूप अंधार. जीप घसटत थांबली. आणि मागची बाजू हळूच वर आली. कुणीतरी उतरलं होतं.

मग अंधारातून शिव्या आल्या. चांगल्या जिवंत माणसाच्या!

"कोण आहेस रे मुडद्या? डोळे फोडतोस का माझे?"

इलाही होता. त्याची जुनी स्कूटर, पुढचं चाक कड्याच्या दगडाला टेकलेलं. आणखी वीतभर, आणि संपलं होतं.

"चाचा, तुम्ही इथं?"

"बाजारात कळलं, बल्ब नेलेस म्हणून. म्हटलं, पोरगं गाडी जाळून घेईल. रिले घेऊन तुझ्याकडेच निघालो होतो." इलाहीनं काडी ओढली आणि तुटलेली वायर बघितली. "अंकुश, मी बसवली असती ना, तर ही हातानं तुटली नसती. तुझं काम कच्चं होतं, म्हणून आज मी घरी जाणार."

अंकुश हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. तीन आठवड्यांचं रडू. इलाहीनं त्याला रडू दिलं.

"चाचा, मागं दादा होता. समोरच्याला मार म्हणत होता."

"उजेड गेल्यावर, त्या काळोखातही, उतरताना मी बघितलं त्याला. हणमंत कधी म्हणाला असता का, की समोरच्याला मार?"

"नाही."

"मग तो हणमंत नव्हता. तुझा भाऊ जिथं असेल तिथं बरा आहे. आता बोलू नको, मागं बघू नको. एसटी आज बंद पडलीय, फाट्यावर कुणी नाही. माझ्या मागून घरी चल."

स्कूटर पुढे, जीप मागे. तो मिणमिणता दिवा रस्त्यातला एकेक खड्डा दाखवत चालला. आईनं दोघांवरून मीठमोहऱ्या उतरवल्या, इलाहीचे दोन्ही हात धरले आणि त्याला रात्री परत जाऊ दिलं नाही. सकाळी अंगणातल्या भिंतीसमोर जीप उभी राहिली. इलाही सांगत होता, अंकुश एका हातानं स्क्रू फिरवत होता. दुसरा हात बांधलेला. पोरगा आजही म्हणतो, त्या रात्री मला दोन माणसं परत मिळाली. एक इलाहीचाचा, आणि एक माझा खरा भाऊ.

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर जांभळीच्या वळणानं जाऊ नका. अर्धा तास जास्त गेला तरी कालव्यानं जा. आणि चुकून गेलातच, आणि आपल्या गेलेल्या माणसाच्या आवाजात कुणी हाक मारलीच, तर जीव तुटेल. रडा, मोठ्यानं रडा. पण तो सांगेल ते करू नका.