हौदाभोवतीची वाट

—अहो अहो, त्या सायकलीला नका टेकू! तिचं स्टँड मोडकंय, ती गेली की तिच्या मागची, तिच्या मागची, अशा चौदाच्या चौदा आडव्या होतील आणि शेवटची थेट हौदात. गेल्या महिन्यात मांजरानं पाडल्या होत्या—दुपारभर मी एकेकीचं हँडल दुसरीच्या तारांतून सोडवत होतो आणि आमची बायको तूबा खानम त्या खिडकीत बसून डाळिंब सोलत होती. बोलली असती तर बरं झालं असतं. या, असे तिरके या, पोट आत घ्या जरा—हं, इथं खाटेवर बसा. चहा घ्या, इंजिनियरसाहेब. नाही आहात इंजिनियर? असू द्या हो, तेहरानहून यझदला आलेल्या माणसाला आम्ही इंजिनियरच म्हणतो, दुसरं काय म्हणणार! कॉफीचं दुकान काढताय म्हणालात ना फोनवर, आणि सायकली भिंतीला टांगणार—चालत्या सायकली, भिंतीला! असो, भिंत तुमची, हौस तुमची.

तर मुद्द्याचं. चौदांतल्या तीन ठेवायच्या, अकरा विकायच्या. हे मी नाही ठरवलं. तूबाचं फर्मान आहे—शुक्रवारपर्यंत हौदाभोवतीची वाट मोकळी करा, नाहीतर मी चालले नायीनला बहिणीकडे, आणि परत यायचं की नाही ते तिथं गेल्यावर ठरवेन. बॅग भरलीय, ती बघा दाराशी, तपकिरी. आज बुधवार. आता मला सांगा, या बाईला हौदाभोवतीची वाट हवी कशाला? गालिचे आम्ही बाहेर धुवायला देतो. कपडे गच्चीवर वाळतात. मी म्हटलं, चार सायकली गच्चीवर नेतो, अंगण जरा सुटं होईल. तर म्हणते, गच्चीवर न्या नाहीतर पाताळात न्या, मला हौदाभोवती गोल वाट हवी. गोल! एकवीस वर्षं चकार शब्द नाही आणि या हिवाळ्यापासून रोज हेच. हिवाळ्यात मी चारच तर आणल्या—आमचा एक दोस्त वारला, त्याच्या पोरांनी भंगारात घालायला काढल्या होत्या, मग काय बघत बसायचं? तुमचं लग्न झालंय? नाही? मग प्या चहा.

ही काळी बघा. ही माझी. म्हणजे माझी नाही. मी, बमानअली, बत्तीस वर्षं कापडगिरणीत मागावर होतो. सुटीचा भोंगा झाला की फाटकाबाहेर तीनशे सायकली, सगळ्या काळ्या, सगळ्या अठ्ठावीस इंची चाकांच्या, आणि तीनशे माणसं भुकेजलेली. एकदा घरी येऊन बघतो तर घंटी वेगळी. चुकून दुसऱ्याची आणलेली, आणि त्यानं माझी नेलेली! दुसऱ्या दिवशी तोंड उघडावं की नाही—नाही उघडलं. कारण ही माझीपेक्षा चांगली होती. त्यानंही नाही उघडलं. का, ते मला आजवर कळलेलं नाही, माझ्या सायकलीत काय होतं असं? तेव्हापासून गिरणीत ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघायचो, हाच का तो म्हणून. निवृत्तीच्या दिवसापर्यंत! आता लोकाची अमानत मी तुम्हाला कशी विकू? ही ठेवली. एक झाली.

ही लाल पोस्टमनची. हिच्यावर मी चालवायला शिकलो—मालक चहाला बसला की गल्लीच्या टोकापर्यंत. काय, किंमत? छे हो, तुमच्यापुढं काय किंमत, तुमचीच आहे, खुशाल घेऊन जा. —अहो! अहो, उचलता काय! ठेवा खाली! परदेशात होतात की काय? किती वर्षं? बारा? तरीच! अहो, मी ‘घेऊन जा’ म्हणायचं, तुम्ही ‘असं कसं, असं कसं’ म्हणायचं, मी परत म्हणायचं, तुम्ही परत कानाला हात लावायचा, आणि तिसऱ्या खेपेला मी मान खाली घालून आकडा सांगायचा. एवढं तर आमचं मांजर जाणतं. काळजाचा ठोका चुकवलात माझ्या. घ्या, कोत्ताब घ्या, बदामाचे आहेत, तूबाच्या हातचे. ते मात्र खरंच घ्या. लाल नका मोजू अजून, तिचं नंतर बघू.

आणि ही मुल्लासाहेबांची. पायघोळ झगा घालून सायकलवर बसायचे, म्हणून मागच्या चाकावर दोऱ्याची जाळी बांधून घेतलेली, झगा तारांत अडकू नये म्हणून. काय देखणी जाळी होती, निळी! होती म्हणतोय, कारण चोरीला गेली. शेजारच्या हशमतचं काम. दुसरं कोण येतं अंगणात? नाही म्हणतो, कुराणावर हात ठेवायला तयार आहे म्हणतो—तीन वर्षं झाली, मी त्याच्याशी बोलत नाही. जाळीशिवाय ही अर्धीच. अर्धी सायकल तुम्हाला देऊन मी बदनाम कशाला होऊ? राहू द्या. म्हणजे... दोन? दोन झाल्या. तशी तिसरी लाल. मग विकायच्या उरल्या... अहो, मी मोजतोय, तुम्ही हसू नका.

आता इकडे या. ही कोपऱ्यातली, चादर घातलेली. हिला मी कुणाला दाखवत नाही, पण तुम्ही लांबून आलात. ही हिरवी, बिनदांड्याची, बायकांची. एक आर्मेनियन मास्तरीणबाई इस्फहानला बदली होऊन चालल्या होत्या, त्यांच्याकडून घेतली, आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा. कुणासाठी म्हणजे? तूबासाठी! बाहेर नव्हे हो, बाहेर कशी? बाहेर अख्खा मोहल्ला. इथं, अंगणात. दार लावून घ्यायचो, ती बसायची, मी मागनं सीट धरून पळायचो, हौदाला फेऱ्या. ‘सोडू नका, बमान, सोडू नका हं!’—आणि मी कधीचा सोडलेला, इथं उभा राहून दम खातोय, आणि ती एकटी गोल गोल, तोंडानं ‘सोडू नका’ चालूच! एकदा वळण चुकलं, सायकलीसकट हौदात. बाहेर काढली तर इतकी हसत होती की तिला उभं राहता येईना. तसं हसताना मी तिला... असो. फार जुनी गोष्ट. पुढं तिला आवडतं म्हणून मी दुसरी आणली. मग तिसरी. मग मलाच नाद लागला.

पण माल बघा, माल! टायर दाबा. दाबा ना. दगड आहे की नाही? इंजिनियरसाहेब, एकवीस वर्षं मी या ट्यूबमध्ये हवा भरलेली नाही. एक पंपसुद्धा मारलेला नाही! याला म्हणतात जुना माल. घड्याळ चौकात मी हे मित्रांना सांगतो तर गाढव हसतात. काय? बोटाला काय लागलं? तेल? दाखवा. ताजं दिसतंय. छे, मी कशाला तेल देऊ, मी हिला हात... थांबा. चादर पूर्ण काढा. मागनं. मागचं चाक दाखवा मला.

ही जाळी.

ही निळी जाळी मुल्लासाहेबांची. आणि कशी बांधलीय बघा, गालिच्याची गाठ. ही गाठ हशमतला उभ्या जन्मात जमायची नाही. ही गाठ मी ओळखतो, तूबाची. तिचा झगा जमिनीला टेकतो ना, तो... अरे देवा. तीन वर्षं मी त्या बिचाऱ्या हशमतला सलाम केला नाही.

थांबा, मला बसू द्या. तुम्ही नका बोलू. रोज दुपारच्या झोपेतून पाचला ती मला उठवायची. ‘उठा, बमान, मित्र वाट बघत असतील, दोन तास बसा आरामात, घाई करू नका.’ चौकात सगळे हेवा करायचे माझा. दुसऱ्यांच्या बायका अडवतात आणि आमची बाहेर पिटाळते, पाठीवर हात ठेवून! मी म्हणायचो, प्रेम लागतं त्याला. आणि हिवाळ्यापासून पिटाळणं बंद. मी बसलो काय, गेलो काय, तिला काहीच नाही. मी म्हटलं, वय झालं. अहो, वय कसलं! मी त्या चार आणून इथं उभ्या केल्या—इथं, वळणावर. तोवर एका सायकलीपुरती वाट होती. एवढीशी होती, पण होती. आणि हवा ती अजून भरतेय. वाट नाही तरी भरतेय! मी मूर्ख, इंजिनियरसाहेब. चौदा सायकलींचा मालक आणि घरात सायकल चालवणारं माणूस एकच, ते मी नव्हे.

उचला. सगळ्या उचला. गाडीवाल्याला हाक मारा, दाराच्या दोन्ही फळ्या उघडा. लाल, मुल्लासाहेबांची, त्या चार, सगळ्या. काही किंमत नाही, तुमच्याच आहेत, घेऊन जा. —‘असं कसं’? अहो, आत्ताच शिकवलं ते लगेच माझ्यावरच लावता? या खेपेला खरंच म्हणतोय. बरं, द्या, काय द्यायचं ते खिडकीत ठेवा, पण आधी हे वळण मोकळं करा. टांगा भिंतीला, छताला टांगा, मला सांगू नका. काळी राहू द्या, ती लोकाची आहे. हिरवीला हात लावायचा नाही. सांभाळून हो, हौदाची कड निसरडी आहे—तिथनं, हां, तिथनंच ती पडली होती.

झाल्या? बारा? मोजल्या? केवढं मोठं आहे हो आमचं अंगण.

तूबा! तूबा खानम! जरा बाहेर ये. बॅग राहू दे तिथंच, मी आत नेतो. ये तर खरी. नाही, मी सीट धरत नाही, माझे गुडघे गेले, मी नुसता इथं बसतो. चौकात नाही जात आज. तुझी हरकत नसेल तर बसतो.

—पडदा हलला. बघितलंत? आणि तुम्ही अजून इथंच? कोत्ताब घ्या खिशात, दार बाहेरनं नीट ओढून घ्या, आणि निघा बघू. परक्या माणसासमोर ती चालवायची नाही.