लाइट परत आली होती

हॅलो?

…खोकला नाही कवडूभाऊ, मिरच्यांचा ठसका आहे. भिवापूरच्या.

…कूलर खोलायला सहाचा पाना नाही, आठचा. तिथेच आहे पाहा, वर.

…पाहिलं का वं उत्तरा, टीव्हीवर, पुरा पूल खाली बसला, कागदासारखा…

हॅलो? हो, हो, शरच्चंद्रच बोलतो. कोण?

चिनू! अगं, हा कुठला नंबर? थांब, टीव्ही कमी करतो. उत्तरा, चिनूचा फोन… हो, जहाजावरून… कवडूभाऊ, ठोकणं थांबवा जरा, पोरीचा फोन आहे.

हां, बोल बेटा. आवाज असा काहून? जेवली का?

…पाहिलं ना. सकाळपासून तेच दाखवून राहिले. एवढं मोठं जहाज, बैलगाडीच्या चालीनं येते, हळू, हळू… मी आईला म्हटलं, आता थांबते, आता थांबते, आणि पूल…

काय?

तुमचं जहाज?

…

थांब, टीव्ही बंदच करतो. ऐकून राहिलो. नाव कुठे दाखवलं त्यांनी जहाजाचं! तू धड आहेस? हात, पाय, डोकं? … उत्तरा, ती बरी आहे. बरी आहे म्हटलं ना. बस तू आधी.

पुलावर माणसं? … आधीच गाड्या अडवल्या? जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटनं वायरलेसवर सांगितलं… किती मिनिटांत? चार! चार मिनिटांत पुरा पूल रिकामा? वा रे बाप्पा. … पण काय? … पुलाला रंग देणारे चौघं होते. तिघं निघाले. आणि चौथा?

…दवाखान्यात. बोलतो का? … शुद्धीवर नाही.

हं.

सांग, सांग. तू खाली इंजिनरूममध्ये होतीस. मग? … सगळी लाइट गेली. इंजिन बंद, पंप बंद, सुकाणू… सुकाणूही विजेवर? हो, असणारच. मग आपोआप थांबत नाही का ते? … अगं हो, एक लाख टन. उमरेडची कोळशाची मालगाडी ब्रेक मारल्यावरही किलोमीटरभर जाते, तिला तर रूळ आहेत. पाण्याला कसला ब्रेक! … नांगर टाकला? … आणि नांगरच ओढत नेला? तळाची माती उकरत? अरे बापरे.

लांबी किती म्हणालीस? … तीनशे मीटर. म्हणजे आमच्या वीज प्लांटची चिमणी आडवी टाकली तरी उरेल. त्या चिमणीकडे पाहायचं तर टोपी हातानं धरावी लागायची मला. आणि तू तिच्याहून मोठ्या जहाजाच्या पोटात बसून फिरतेस, आणि आम्ही इथे विचारतो जेवली का.

धडकलं तेव्हा आवाज केवढा झाला असेल… नाही झाला? … काय म्हणतेस! कपातला चहा? नुसता हलला? सांडलाही नाही? … म्हणजे वर एवढा पूल गेला, आणि तुम्हाला खाली…

थांब. पाणी पितो.

हां. रडू नको. ऐक ना… अगं चिनू, रडत रडत समजत नाही मला. काय केलंस तू? नीट सांग.

…काल दुपारी? बंदरातच? म्हणजे निघायच्या आधीही एकदा ब्रेकर ट्रिप होऊन लाइट गेली होती. मग? … तू परत वर केला. लाइट आली. किती वेळात? … दोन मिनिटांत. कारण शोधलं? … आणि तेव्हा लिहिलं नाही कुठे.

कोणाला सांगितलं हे? … मग चूप राहा! चौकशीवाले विचारतील तेवढंच सांगायचं. तुझं वय काय, नोकरी काय… अगं, माझं ऐक आधी!

…काय?

कोणी शिकवलं?

…

हो. मीच. आधी लाइट आणायची, कारण मग शोधायचं. तू सातवीत होतीस, स्टुलावर उभी, मीटरसमोर. हात पुरत नव्हता तुझा.

चिनू, एक सांगतो. आमच्या पाळीत रिवाजच होता. दोन मिनिटांत परत आली तर नोंद करायची नाही. नोंद केली की साहेब विचारणार, साहेबाला त्याचा साहेब विचारणार. एकोणतीस वर्षं मी लिहिलं नाही. आणि ते 'मग' कधी आलंच नाही गं. लाइट आली की माणूस कारण विसरतो. आमचं काय, गावात अर्धा तास अंधार, लोकांच्या शिव्या, संपलं. माझ्या अंधारासमोर कधी पूल आला नाही, एवढंच.

नाही, तू मूर्ख नाहीस… ऐक ना. लिही. आत्ता लिही. वेळ लिही, ब्रेकरचा नंबर लिही, दोन मिनिटांत परत आली तेही लिही. … मघा मी काय म्हटलं ते सोड. मघा बाप बोलत होता. … नोकरी जाईल? जाऊ दे. लायसन्स? … येशील घरी, रोज मला सुनावशील. सुनाव. हक्क आहे तुझा.

आणि त्या चौथ्या माणसाचं नाव काय? … मग विचार कोणाला तरी. नाव माहीत पाहिजे आपल्याला.

हॅलो? … कोण बोलावून राहिलं? कॅप्टन? … चौकशीवाले आले? इतक्यात? जा, जा. नाही, आधी लिही, मग जा. अगं, आईशी एक शब्द… हॅलो? लिहिशील ना? चिनू? हॅलो…

फोन लावण्याच्या चाळीस मिनिटं आधी चिन्मयीनं दुपारच्या ब्रेकरची ती ओळ जहाजाच्या नोंदवहीत लिहून खाली सही केली होती.