काकाजींनी पाठवलेली साफसफाई

इंदूकाकू, काकाजींची भावंडं, आणि एकोडीतल्या, साकोलीतल्या, पार भंडाऱ्याहून आलेल्या सगळ्या मंडळींनो.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मला भाषण येत नाही. आणि आज जे बोलायचं आहे ते बोलायला तर अजिबात येत नाही. मधेच थांबले तर सांभाळून घ्या.

मी शीतल, याच गावची. साकोलीत कॉम्प्युटर शिकवते. यादोरावकाकाजींना जाऊन दहा दिवस झाले. आत्तापर्यंत जे बोलले ते त्यांच्या शेतीबद्दल बोलले, तळ्याच्या गाळाबद्दल बोलले, नागपूरच्या नोकरीबद्दल बोलले. पण काकाजी रोज सकाळी चहा झाला की पडवीत लॅपटॉप उघडून काय करायचे, हे इथं फारसं कोणाला माहीत नाही. कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "झाडू मारून राहिलो." लोक हसायचे. ते खरंच सांगत होते.

थोडक्यात सांगते. बँकांमध्ये, मोठ्या कचेऱ्यांमध्ये जुनी, प्रचंड कॉम्प्युटरं असतात. मेनफ्रेम म्हणतात त्यांना. काकाजींनी नागपुरात सगळी नोकरी त्याच मशीनवर केली. माणसानं लिहिलेले हुकूम अशा मशीनच्या आकड्यांमध्ये बदलून देणारा एक प्रोग्राम असतो, त्याला असेंबलर म्हणतात. जगभरातली माणसं मिळून असा एक असेंबलर सांभाळतात, फुकट, आपापल्या घरून. त्यातला मेनफ्रेमचा भाग सांभाळणारी माणसं शेवटी दोनच उरली होती. एक काकाजी. दुसरी मी, त्यांनीच शिकवलेली.

आता हा भाग खूप जुना. दहा हातांनी लिहिलेला. कुठं ओळ चार घरं सोडून सुरू होते, कुठं आठ. ओळीच्या शेवटी उगाच मोकळ्या जागा पडलेल्या. आणि मधेमधे टिपा असतात. म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठी लिहून ठेवलेलं, की बाबा, इथं हे असं का केलं आहे. मशीन त्या टिपा वाचत नाही, सोडून देतं. या टिपाही जुन्या, अर्धवट, काही चक्क चुकीच्या. काकाजी हे सगळं साफ करायचे. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरचं गवत काढलं म्हणून धान जास्त होत नाही, पण चालणाऱ्याचा पाय साप असेल तिथं पडत नाही. तेवढंच ते काम. नाव होत नाही त्यात.

पण शिस्त केवढी! मोकळ्या जागांची दुरुस्ती वेगळी बांधायची, टिपांची वेगळी. एकात दुसरं मिसळायचं नाही. साफ करायच्या आधीचा प्रोग्राम आणि नंतरचा, दोन्ही चालवून बघायचे, आणि निघालेला एकूण एक आकडा सारखा आला पाहिजे. आणि शेवटचं, दुसऱ्या माणसानं वाचून मान्य केल्याशिवाय काहीही आत जात नाही. मी एकदा घाईत दोन्ही मिसळून पाठवलं तर त्यांनी जसंच्या तसं परत केलं. खाली एकच ओळ. "मले शोधाले लावू नको." धानाचा रोवणा सुरू झाला की मात्र महिनाभर उत्तर नाही. परदेशातले लोक विचारायचे, यादोराव कुठं आहेत? मी लिहायचे, चिखलात आहेत.

आता मला दुसरं सांगायचं आहे.

सात वर्षांपूर्वी माझ्या हातून चूक झाली होती. इथं बसलेल्या बऱ्याच जणांना ती माहीत आहे, कारण तेव्हा या गावात तेच बोलणं होतं, की शीतलनं बाहेरदेशातलं मशीन बिघडवलं. झालं असं की हुकुमांचा एक लांबच लांब तक्ता होता. त्याच्या डोक्यावर टीप होती, की या तक्त्यातला क्रम कसाही चालेल. मी ती वाचली, विश्वास ठेवला, आणि नीटनेटकं दिसावं म्हणून, चालवून न बघताच, तक्ता अकारविल्हे लावला; मान्य करणाऱ्यानंही टिपेवरच विश्वास ठेवला. क्रम कसाही चालत नव्हता. एकाच नावाचे दोन हुकूम होते, आणि प्रोग्राम पहिला सापडेल तो उचलायचा. माझ्या मांडणीत ते दोन वर-खाली झाले आणि तो चुकीचा उचलायला लागला. कुठल्यातरी दूरच्या कंपनीत त्यांचं काम बंद पडलं, आणि सगळ्यांसमोर माझं नाव निघालं. मला त्या भागातून काढलं. नागपुरात मी नवीन नोकरीला लागले होते. त्यांनी ते सगळं वाचलं आणि मला घरी पाठवलं. मी बॅग घेऊन साकोलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा बाबा न्यायला आले होते. माझ्या हातातली बॅग घेतली आणि पुढं चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी काकाजींकडे आले होते. याच गावात, त्याच पडवीत. रडत होते. म्हटलं, काकाजी, टिपेत तर लिहिलं होतं ना, क्रम कसाही चालेल म्हणून? त्यांनी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "टीप का मशीन वाचते? तपासून पाहा लागत होतं." मी म्हटलं, हो, चुकलंच. आणि उठून आले. दोन वर्षांनी मला त्या असेंबलरच्या कामात परत घेतलं, तेही काकाजींच्याच शब्दावर. मला वाटलं, केवढे उपकार.

गेल्या दिवाळीत त्यांचा श्वास लागायला लागला. भंडाऱ्याच्या चकरा सुरू झाल्या. त्याच दिवसांत त्यांनी माझ्याकडे एक साफसफाई पाठवली. मेनफ्रेमचा अख्खा भाग. नऊ तुकड्यांत. वाचून मान्य करायची ती मी. दुसरं कोणी नव्हतंच.

मी पहिला तुकडा उघडला. मोकळ्या जागा. नुसत्या मोकळ्या जागा, पानंच्या पानं. मी म्हटलं, याला काय घाई आहे? आणि बंद केला.

मंडळी, सात महिने मी तो बंद ठेवला.

दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा. तब्येतीचं बोलणं दोन मिनिटं, आणि मग, "पाहिलं का वं?" मी म्हणायचे, पाहते काकाजी. क्लासमध्ये परीक्षा आहेत. घरी पाहुणे आहेत. पुढच्या आठवड्यात नक्की. "घाई नाई, पण पाहून घेजो." आवाज बारीक होत गेला, पण प्रश्न तोच. एकदा तर म्हणाले, "शेवटचा तुकडा आंधी पाहिला तरी चालते." काकाजी असं म्हणतात? क्रम सोडा म्हणतात? मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. आणि मी काय उत्तर दिलं? म्हटलं, क्रमानंच पाहीन, तुम्हीच शिकवलंत. ते हसले. मग खोकला आला आणि काकूंनी फोन घेतला.

त्यांची माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी ते उघडलं. एक ते आठ, मोकळ्या जागा आणि किरकोळ टिपा. नववा तुकडा एकाच टिपेचा होता. त्या तक्त्यावरची टीप. त्यांनी ती खोडून खरी लिहिली होती, की क्रम बदलू नका, आणि का बदलू नका. प्रत्येक तुकड्यासोबत कारण लिहायचं असतं. ते इंग्रजीत होतं, मी तुम्हाला मराठीत सांगते. त्यांनी लिहिलं होतं: "जुनी टीप खोटी होती. ती मी लिहिली होती, हा भाग पहिल्यांदा पाठवला तेव्हा. न तपासता लिहिली होती. तिच्यावर विश्वास ठेवून शीतलनं जो बदल केला, त्याचा दोष तिला लागला. तो माझा होता. मला त्याच दिवशी माहीत होतं."

त्याच दिवशी माहीत होतं.

नोंदीत सापडण्यासारखं नव्हतं. तो जुना माल कोणीतरी एकगठ्ठा, आपल्याच एका नावावर आत टाकलेला होता. काकाजी बोलले नसते तर कोणालाच कधीच कळलं नसतं. सात वर्षं बोलले नाहीत. मग बोलले, तर अशा ठिकाणी जे मीच वाचणार होते. आणि मी वाचलं नाही.

मी काकाजींवर रागावलेले आहे. शोकसभेत हे बोलू नये, मला कळतं. पण खोटं बोलायला त्यांनी मला शिकवलं नाही. माझी नोकरी गेली, माझ्या बाबांनी मान खाली घालून या गावात लग्नं-कार्यं केली, आणि काकाजी समोर बसून म्हणाले, तपासून पाहा लागत होतं. मला राग आहे. आणि तरी, काकाजी जिवंत असते तर मी एका मिनिटात म्हटलं असतं, जाऊ द्या हो, झालं ते झालं. खरंच म्हटलं असतं. ते ऐकायलाच तर ते फोन करत होते. आठवड्यामागून आठवडा एक म्हातारा माणूस धापा टाकत माझी माफी मागत होता आणि मी त्याला परीक्षांचं सांगत होते. त्यांची चूक सात वर्षांची. माझी सात महिन्यांची. कोणाची मोठी? मला नाही सांगता येत.

दोन दिवस बसून मी नऊही तुकडे तपासले, ते शिकवून गेले तसे. आधीचं चालवलं, नंतरचं चालवलं. एकूण एक आकडा सारखा. आज सकाळी मी मान्य केलं.

असं मान्य केलं की ज्यानं पाठवलं त्याला आपोआप मेल जातो. हे माझ्या लक्षातच नव्हतं. पाच मिनिटांत काकूंचा फोन आला. काकूंनी काकाजींचा मोबाईल अजून चार्जिंगला लावून ठेवला आहे. म्हणाल्या, "शीतल, यायच्या मोबाईलवर काईतरी वाजलं. पाह्य बरं, का आलं थे." मी सगळं सांगितलं. टिपेचंही सांगितलं. काकू ऐकत होत्या. मग विचारलं, "याचीच वाट पाहून राहिले होते का ते?" मी म्हटलं, हो काकू.

"मंग उशीर केला बाई तू."

पुढं त्याच म्हणाल्या, "आज सभेत सांग. त्यायचंबी सांग, तुह्यंबी सांग." म्हणून सांगितलं.

काकाजी, मले तुमचा राग नाई आता. हे तुम्ही असताना सांगाले पायजे होतं.

आता सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. मीही बोलत नाही.