हात न लावता चालणारं मशीन

पहिल्यांदा खटकलं ते एवढंसंच… सकाळी मशीनचं टेबल नखभर सरकलं. आपणहून. मी समोर उभी, हातात तेलाची बुधली, आणि ते टक् करून हललं. मी दचकले, बुधली पायावर. आई म्हणाली, तुला पालसुद्धा वाघाएवढी दिसते. दिसते, मान्य आहे. पण तुम्हाला सांगते, मी काही दाबलं नव्हतं!

म्हणजे झालं असं, की अप्पांचं ते छोटं मिलिंग मशीन, हाताने चाकं फिरवून पितळ कापायचं, त्यांचे खांदे दुखायला लागल्यापासून मागच्या खोलीत धूळ खात पडलेलं. आणि मी इंजिनियरिंग शिकून घरी बसलेली. म्हटलं, चाकं काढू, त्या जागी मद्रासहून आणलेल्या मोटरी बसवू, मग कॉम्प्युटर सांगेल तसं टेबल फिरेल. अप्पा म्हणाले, कर. पण वीणा करणारे कल्याणराममामा मंगळवारी संध्याकाळी येतायत, त्यांना वीणेच्या तारांखालच्या घोडीवर बसतात त्या पितळी पट्ट्या हव्यात, सगळ्या एकसारख्या. नमुना पसंत पडला तर मशीन तुझं. नाहीतर मशीन भंगारात आणि तू तिरुच्चीला, बँकेच्या परीक्षेच्या क्लासला. बँकेत! मी? तिथे कोणी शिक्का आपटला तरी मी टेबलाखाली जाईन…

आता कॉम्प्युटर घरात एकच, आणि तो तुळजारामकाकांचा. काका त्यावर पत्रिका काढतात. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत हाताने मांडलेल्या पत्रिकेवर हल्ली कोणाचा विश्वास नाही, प्रिंटरमधून कर्रकर्र करत बाहेर आला तरच शनी खरा. तर त्या प्रिंटरची वायर काढून त्याच जागी मी माझ्या मोटरींची लावली, खिडकीतून मागच्या खोलीत नेली. काकांना सांगितलं होतं बरं का! ते फोनवर कोणाचं तरी नक्षत्र लिहून घेत होते, म्हणाले, "सरी, सरी." नुसतं बरं, बरं. म्हणजे काय, ऐकलंच नाही.

तर आज मंगळवार. दुपारी मामांनीच नमुन्यासाठी दिलेली पट्टी बांधली, कटर सुरू केला, तो नुसता गरगरतोय, आता हॉलमध्ये जाऊन कॉम्प्युटरला हुकूम द्यायचा, तेवढ्यात… टेबल निघालं. डावीकडे. मग उजवीकडे. मग थांबलं, काहीतरी आठवल्यासारखं, आणि परत डावीकडे. पितळेचा भुगा उडतोय, मी भाताच्या पोत्यावर चढलेली, अप्पा, आई, काका, जो आठवेल त्याला हाका मारतेय, ओ द्यायला कोणी नाही. आणि मी काही दाबलं नव्हतं हो! शेवटी डोळे मिटून मशीनचा प्लग उपटला.

तेव्हा कुठे हॉलमधून काकांचा आवाज, एकदम शांत. "नित्या, ती घरघर बंद केलीस ते बरं केलंस. मघापासून एका मुलीच्या पत्रिकेचं प्रिंट दाबतोय, कागदच येत नाही. परत दाबू?"

कागदावर जायची ती पत्रिका सगळी वायरीतून माझ्या मोटरींत! सकाळचं ते टक् सुद्धा त्यांचंच, कॉम्प्युटर सुरू केल्याचं. पट्टीकडे बघते तर कोंबडी चालून गेल्यासारख्या रेघा, आडव्या, तिरक्या. आणि पट्टी एकच होती.

धावले फोनकडे. मामांना म्हणावं उद्या या, परवा या, मला ताप आलाय… नको, ताप नको, काढा घेऊन आत्ताच येतील. रिंग वाजतेय. कोणी उचलत नाही. परत फिरवला. परत तेच. निघाले की काय? दारात अप्पा घड्याळ बघतायत. आणि काका खिडकीशी, पट्टी उजेडात धरून, चष्मा कपाळावर, "हा गुरू असणार बघ. छान ठसठशीत पडलाय." काका, मी काही दाबलं नव्हतं, हे तरी अप्पांना सांगा ना…

खट्. पलीकडे फोन उचलला.

"कोण, नित्या? बरं झालं, मीच करणार होतो," मामा म्हणाले. "आमच्या कामाक्षीची पत्रिका काढून ठेवा म्हटलं होतं तुझ्या काकांना. येतोच आहे तर नेतो. झाली का गं?"

आता काय सांगायचं, तुम्हीच सांगा.

"झाली, मामा," म्हटलं. "तुमच्याच पितळेवर."