मधलं बटण

...आणि वर तोंड करून सांगतात, कॅलेंडर बघा. अहो, काय बघा? तुम्हाला सांगतो, नुसता वीट आलाय. समोर माणूस बसलाय, हाताच्या अंतरावर, त्याला शिंक आली तर आपल्या चहात पडेल, पण त्याला काही विचारायचं तर आधी मेल टाकायचा, मग तो मोकळा कधी आहे ते त्या रंगीत चौकोनांत शोधायचं, मग त्यानं 'हो' दाबायचं, आणि मग कुठं त्यानं मान वर करायची. आणि हे सगळं कळंबोलीच्या लोखंड बाजारात बरं का, जिथं गाडीतून सळया उतरताना कानाशी मारलेली हाक ऐकू येत नाही, तिथं आम्ही मोबाइलची टिंग ऐकायची!

माझं सोडा हो, मी आत्ता दोन वर्षांमागं आलेला कारकून. पण हौसेरावांची जी दशा झाली ना, ती बघवत नव्हती.

हौसेराव म्हणजे आमच्या रणजीत शेठचा गाड्यांचा माणूस. मूळचे साताऱ्याकडचे, तेहतीस वर्षं एकाच खुर्चीत. कुठली गाडी कधी वजनकाट्यावर घ्यायची, कुठली क्रेनखाली लावायची, दिवसाला पन्नास-साठ गाड्या, सगळं डोक्यात. ड्रायव्हर लांबून ओरडणार, "चाचा, मेरा नंबर?" आणि हे मान खालीच ठेवून, "तीन बजे, जेवून घे." झाली अपॉइंटमेंट. तीनला क्रेन म्हणजे तीनला. कुठला मेल, कुठलं काय...

मग आल्या शर्मिला मॅडम. बेलापूरच्या कुठल्या तरी मोठ्या ऑफिसातनं. बाई वाईट नाहीत, पण बोलायच्या अशा, "आजपासून तोंडी काही नाही हां, इन्व्हाईट आलं की हो, कदाचित, नाही, एक बटण दाबायचं, सिंपल आहे, टेन्शन नका घेऊ, फक्त कॅलेंडर बघा." आणि दर सोमवारची एक मिटिंग टाकून दिली, खाली लिहिलेलं, शेवटची तारीख नाही. बघा म्हणजे, माणसाला शेवटची तारीख आहे, हिला नाही.

हौसेरावांनी त्या तीन बटणांवर बराच विचार केला. मला म्हणाले, "हे बघ, मोठ्या माणसानं बोलावलं आन् आपण एकदम व्हय म्हटलं, तर हपापलेला दिसतो. न्हाई म्हटलं, तर माजलेला. मधलंच बरं." आता यात चूक काय, सांगा ना? त्यांच्या घरी चहासुद्धा असा असतो. "नको नको, आत्ताच झाला." "घ्या की." "बरं, अर्धा." आणि मग कप भरून. पण तिथं 'घ्या की' म्हणणारं कोणीतरी असतं. हे मशीन एकदा विचारतं आणि गप्प बसतं, आग्रह म्हणून नाही मेल्याला.

आणि हौसेराव ऑफिसात वडीलधारे. जो तो विचारायला त्यांच्याकडं. "काका, कुठलं दाबू?" "मधलं दाब." सगळं ऑफिस मधलं बटण दाबायला लागलं, मीसुद्धा.

आता ऐका. हौसेरावांची साठी आली. धाकटी राजनंदिनी नर्सिंगला, तिची दोन वर्षं बाकी. शेठनी आणखी दोन वर्षं ठेवून घेतलं तर पोरीचं शिक्षण पार पडतं, नाहीतर अवघड. आणि शेठच्या मनात होतं हो! पण सरळ सांगतील तर शपथ. इन्व्हाईट आलं, मंगळवार, सकाळी अकरा, शेठचं केबिन, 'हौसेराव : पुढील दोन वर्षे'. हौसेरावांचे डोळे भरून आले. मला दाखवलं. आणि माझ्यासमोर, मोठ्या नम्रपणानं... दाबलं मधलं.

मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले. केबिन काचेचं, यांच्या टेबलापासून दहा पावलं. आत शेठ आणि मॅडम यांची वाट बघतायत, बाहेर हे 'या हौसेराव' म्हणून हाकेची वाट बघतायत. मी म्हटलं, "काका, जावा की." तर म्हणाले, "न बोलवता आत कसं घुसायचं?" आत मॅडम शेठना म्हणत असणार, त्यांचं नक्की नाहीये सर. अर्धा तास काचेतनं दोन्ही पार्ट्या एकमेकांकडं बघून हसतायत. साडेअकराला टिंग झालं, वेळ संपली. मॅडमनी नोंद केली, इच्छुक नाहीत. मी सांगायला गेलो तर मला काय म्हणाल्या? "इन्व्हाईट पाठवा, कॅलेंडर बघा, पुढच्या महिन्यात स्लॉट आहे."

पुढच्या महिन्यात आला निरोप समारंभ. त्याचंही इन्व्हाईट, आणि हौसेरावांनी त्यालाही मधलंच दाबलं, म्हणे स्वतःच्या निरोपाला लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. बेचाळीस जणांना बोलावणं, बेचाळीस कदाचित. हो म्हणणारं एकच, शर्मिला मॅडम, त्यांनीच बोलावलं होतं म्हणून. मॅडमनी कॅलेंडर बघितलं आणि नाश्त्याचा पुडा मागवला... एक.

आणि आलं कोण? सगळे. हमाल आले, क्रेनवाला आला, ड्रायव्हर लोक गाड्या लावून आले, उभं राहायला जागा नाही. पुढच्या खुर्चीत हौसेरावांच्या मंडळी, वेणूबाई. शेठ ती गर्दी बघतच राहिले. मग हौसेरावांचा हात धरून म्हणाले, "त्या मंगळवारी तुम्ही आत का नाही आलात हो?"

"तुमी हाक न्हाई मारली, शेठ."

शेठचा चेहरा उतरला. आमच्या सगळ्यांचाच उतरला, खोटं कशाला सांगू. शेठ म्हणाले, "मग आत्ता मारतो. थांबा दोन वर्षं. तुमच्याशिवाय गाड्या कोण लावणार?"

मी मनात म्हटलं, बोला, हौसेराव, एकदाच बोला. आणि हौसेराव, डोळे पुसत, साठ वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "बघू की... जमलं तर."

मॅडमचा लॅपटॉप उघडाच. "मग कदाचित लिहू, सर?"

तेवढ्यात वेणूबाई उठल्या. पदर खोचला, लॅपटॉप आपल्याकडं फिरवला आणि मला विचारलं, "ह्यातलं व्हय कुठलं?" मी दाखवलं. त्यांनी दाबलं.

त्या दिवसापासून ऑफिसनं हौसेरावांचं कॅलेंडर वेणूबाईंच्या फोनवर टाकून दिलंय. बटण त्या दाबतात, मिटिंगला हे जातात. मी विचारलं, "काका, वाईट नाही वाटत?" तर म्हणाले, "त्यात काय वाटायचं? तेहतीस वर्षं संसार असाच तर चाललाय."