आईच्या शब्दावर खातं उघडत नाही

सुमनवर अन्याय झाला. सन १९७८, दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार, नागपुरात वसतिगृहाच्या फाटकावर, साऱ्या पोरींसमोर. तिची आई कौसल्याबाई खापरखेड्याच्या वीजघरात झाडूकाम करते. तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो.

माहं माहेर हिंगण्याचं, लग्न होऊन खापरखेड्याले आली, नवरा कामावर मेला तं त्याच्या जागी मले घेतलं. एकच पोट्टी, सुमन. मॅट्रिक झाली अन् नागपूरले कॉलेजात जातो म्हणे. काय सांगू तुमाले, आनंदबी झाला अन् घोरबी लागला. हाती नगद द्यावं तं वसतिगृहात चोऱ्या, अन् एकटीचं अडलं तं कोणाकडे जाईन? म्हणून वसतिगृहाजवळच्या दुकानात तिच्यासाठी उधारीचं खातं उघडाले गेली. शेठ म्हणे, बापाचं नाव सांगा. म्हटलं, मेला. तं मंग घरच्या माणसाले आणा, बाई. अजी, मी परमनंट आहो, पगार माह्या हाती येते. तो हासला, पगार तुमचा असन, जबान माणसाची लागते.

सुमन म्हणे, राहू दे वं माय, मी भागवतो. मी स्टॉपवर बसली, दोन बसा सोडल्या. कोणाचंच नाव नाही तं पोट्टी उपाशी राहीन, दीराचं लावलं तं त्याच्या मुठीत जाईन. शेवटी दीराचंच लावलं. पैसे मी भरत होती, पण दीर नागपूरले गेला का पोट्टीनं काय नेलं ते शेठ त्याले सांगे. काहून? जबान त्याची ना. एक दिवस सांगतलं, पावडरचा डब्बा नेला. झालं. दीर फाटकावर उभा, बाप नाही म्हणून नखरे करून राहिली का, कोणासाठी लावतं वं पावडर? साऱ्या पोट्ट्या पाहून राहिल्या होत्या.

पुन्हा सुमन त्या दुकानाची पायरी चढली नाही. तेल नाही, साबण नाही. कॉलेज मातर पुरं केलं, जिद्दीची आहे. आता चंद्रपूरले शिकवते. दीर आमच्या शेजारीच राहते, म्हणून सणालेबी येत नाही. मी क्वार्टरात रेडिओ लावून ठेवतो, गाण्यासाठी नाही, घरात कोणी बोलून राहिलं असं वाटाले पाहिजे म्हणून. सुखी राहो बापा, जिथं असन तिथं.

वाचकहो, तुमचं दुकान असेल तर आईच्या शब्दावर खातं उघडा, आणि पोरीनं काय नेलं ते पैसे भरणाऱ्या आईशिवाय कोणालाही सांगू नका. दुकान नसेल, तर जिथून किराणा आणता तिथं उद्या सकाळी जाऊन विचारा, आईच्या नावावर खातं उघडता का? नाही म्हणाला, तर तुमचं खातं तिथल्या तिथं बंद करा.